काय दिवे लावले!

मंडळी, जरा जवळ सरका आणि आवाज बेताचा ठेवा. विषय नाजूक आहे आणि आपल्या ओळखीतली चांगली चांगली घरं यात अडकली आहेत. ज्यांच्याबद्दल कालपरवापर्यंत ‘सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही हो’ असं छातीठोकपणे सांगितलं जायचं, ते गृहस्थ आता रात्रीची जेवणं आटोपली की दार अलगद ओढून घेतात आणि पार्किंगमध्ये उतरतात. घरच्यांना वाटलं, सिगारेट असेल. सिगारेट परवडली! ती निदान पाच मिनिटांत विझते. हे लोक खाली जाऊन कपाळाला टॉर्च बांधतात, गोणपाट पसरून मांडी ठोकतात आणि पन्नास वर्षांच्या येझदीच्या हेडलाइटमध्ये डोकं खुपसून बसतात. मुलीच्या लग्नाच्या याद्या करायचं वय हे! आणि खिशात सापडलेली यादी कसली, तर ‘लाल: चावी ते कॉइल. निळी: डिपर. हिरवी: ?’ ते प्रश्नचिन्ह आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. गिरवून गिरवून कागद फाटला होता तिथे.

वायरिंग, मंडळी. भल्याभल्यांना वायरिंगचा नाद लागलाय.

आता जुन्या मोटारसायकलींचं वेड आपल्याला नवीन नाही. ते आपण केव्हाच पोटात घातलंय. मैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यातून साठच्या दशकाच्या सुरुवातीला जावा निघू लागल्या, सत्तरच्या दशकात टाकीवर येझदी हे नाव आलं आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. बंद पडल्यावर प्रेम उफाळून आलं, ही तर रीतच आहे. 1973 च्या ‘बॉबी’ने त्या बुटक्या राजदूत जीटीएसवरून कॉलेजातल्या पोरांचं जे डोकं फिरवलं, ते त्यांना नातवंडं झाली तरी सरळ झालेलं नाही. 2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझदी नव्याने बाजारात आली, तेव्हा आम्हाला वाटलं, चला, आता हे लोक शोरूममध्ये जातील, हप्ते भरतील, चारचौघांसारखे वागतील. छे! नवी पाहिल्यावर जुनीचा उमाळा दुप्पट झाला. त्यातच 2023 मध्ये महेंद्रसिंग धोनीच्या रांचीतल्या गाड्यांच्या दालनाचा व्हिडिओ व्यंकटेश प्रसादने साऱ्या देशाला दाखवला आणि घरोघरच्या नवऱ्यांच्या हाती हुकमी वाक्य आलं: ‘धोनी पण करतो.’ अहो, धोनीकडे जागा आहे! तुमच्या राजदूतचं इंजिन आमच्या जिन्याखाली आहे आणि येताजाता त्याला साड्या लागतात.

तरीही रंगकामापर्यंत सगळं सभ्य होतं. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत खेटे, बुधवारी-रविवारी जुना बाजार, चासीला पावडर कोटिंग, सायलेन्सरला क्रोम. हे सगळं दिवसाढवळ्या चालतं. फोटो निघतात, ग्रुपवर पडतात, मेहुणे अंगठे दाखवतात. वहिनीसुद्धा टाकीशेजारी उभ्या राहून हसतात. मग एके दिवशी गाडी पूर्ण होते, नारळ फुटतो, चावी फिरते आणि काहीही होत नाही. दिवा नाही, हॉर्न नाही, ठिणगी नाही.

तिथून माणूस बदलतो. रंग चुकला तर रंगाऱ्याला चार शब्द सुनावता येतात, इंजिन अडलं तर मिस्त्री आहे. वायरिंगला वाली नाही. पन्नाशीच्या आतले ऑटो इलेक्ट्रिशियन सरळ सांगतात, ‘काका, नवं किट टाका, नाहीतर गाडी विका.’ जुने जाणते जे दोघे-चौघे उरलेत, त्यांच्याकडे गाडी आठवडेच्या आठवडे पडून राहते, कारण चाचांची तब्येत बरी नसते आणि चाचांशिवाय कोणाला हात लावू द्यायचा नसतो. मग गृहस्थ स्वतःच मल्टिमीटर आणतो. घरात पहिला मल्टिमीटर आला की समजावं, माणूस हातचा गेला.

मुळात ही यंत्रणाच अशी की तिच्यावर जीव जडावा, नाहीतर ती फोडून टाकावी. जुन्या जावाच्या पोटात डायनॅमो 6 व्होल्टचा, 45 वॅटचा. पंचेचाळीस! आपल्या जिन्यातला जुना पिवळा बल्बसुद्धा साठचा असायचा. त्या पंचेचाळिसात वाटेकरी किती बघा. हेडलाइट 35 वॅटचा, टेललाइट 5 वॅटची. ठिणगी पाडणारी कॉइल आपला वाटा घेतल्याशिवाय गाडी चालूच देणार नाही. ब्रेक दाबला की ब्रेकलाइट आली, त्यात हॉर्न वाजला तर विचारूच नका. वर बॅटरी चार्ज व्हायला हवी ती हवीच. सिग्नलला गाडी आयडलला उभी राहिली की डायनॅमो इतका मंदावतो की कटआउट त्याला लाइनमधून काढूनच टाकतो. नाहीतर बॅटरीच उलटी त्याच्यात रिकामी व्हायची! तेवढा वेळ सगळा भार बॅटरीवर. म्हणून स्वारगेटहून रात्री कात्रजकडे निघालेला जावावाला प्रत्येक सिग्नलला उगाच ॲक्सिलरेटर पिरगाळत बसतो. आपल्याला वाटतं, या वयात हा कोणासमोर भाव मारतोय? भाव कसला, बिचारा हेडलाइट जगवत असतो.

आणि ते 6 व्होल्टचं गणित! शाळेतलंच आहे, पण नवऱ्याच्या तोंडून ऐकताना वेगळं लागतं. वॅट तेवढेच ठेवून व्होल्ट निम्मे केले की अँपिअर दुप्पट. 35 वॅटच्या बल्बला 12 व्होल्टवर तीन अँपिअर पुरतात, 6 व्होल्टवर जवळजवळ सहा लागतात. करंट दुप्पट झाला की तीच वायर चौपट तापते. वाटेत एखाद्या गंजक्या जोडाने अर्धा व्होल्ट खाल्ला, तर 12 व्होल्टच्या गाडीला ते फारसं जाणवत नाही. 6 व्होल्टवाल्याचा मात्र पाव उजेड गेला. एक व्होल्ट खाल्ला तर जवळपास निम्मा गेला. खाणारे जोड ठिकठिकाणी बसलेले: बॅटरीच्या टोकाला, फ्यूजच्या पट्टीत, चावीच्या आत, हँडलवरच्या डिपरमध्ये, बल्बच्या होल्डरमध्ये. प्रत्येकावर पन्नास पावसाळ्यांचा हिरवा थर. ‘जुन्या गाड्यांचा उजेडच मिणमिणता’ म्हणून आपण ज्यांना इतकी वर्षं हसलो, त्यांचा निम्मा उजेड तांब्याच्या गंजात बसला होता. हे कळल्यावर माणसाला झोप कशी यावी?

यावरून मैत्र्या तुटल्यात, ठाऊक आहे का? एका बाजूला सहा व्होल्टचे कर्मठ: कंपनीने दिलं तेच ठेवायचं, वायरीवर सुती वेष्टणसुद्धा हवं, पीव्हीसी दिसलं तरी विटाळ. दुसऱ्या बाजूला बारा व्होल्टचे सुधारक: डायनॅमो काढा, अल्टरनेटर बसवा, जिवंत राहा. एलईडीवाल्यांना दोन्हीकडून बहिष्कार. पण खरी हाणामारी याहूनही बारीक गोष्टीवर होते. वायरीच्या टोकाला थिंबल, म्हणजे धातूचं टोपण, लावायचं ते सोल्डर करून की नुसतं दाबून? सोल्डरवाल्यांचं म्हणणं, पाणी शिरत नाही. दाबणाऱ्यांचं म्हणणं, वितळलेलं सोल्डर तारांच्या आत चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि गाडीच्या थरथराटाने वायर नेमकी त्या कडक भागाच्या कडेला तुटते. दाबणारेच बरोबर आहेत, असं आमचं प्रामाणिक मत. पण दाबायचं ते दाबायच्या हत्याराने, दाढेखाली धरून नव्हे. कोथरूडमधले दोन सख्खे शाळासोबती या प्रश्नावरून एकमेकांच्या घरी गणपतीला जात नाहीत म्हणे. खरंखोटं गणपतीला माहीत.

आता खरी खमंग बातमी ऐका. मुलं आसपास नाहीत ना?

मोटारसायकलीत करंट जातो तो वायरीतून, पण परत यायला त्याला बहुतेक ठिकाणी वेगळी वायर नसते. परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. त्यालाच मिस्त्री लोक बॉडी अर्थ म्हणतात. आता पावडर कोटिंगवाल्याने काय केलं? त्याने चासीवर सुंदर, जाड, गुळगुळीत थर चढवला. बोल्टच्या भोकांत, इंजिनच्या बैठकीवर आणि अर्थची वायर जिथे टेकायची, नेमक्या त्या जागेवरही. थर प्लास्टिकचा, त्यातून वीज जाते कुठली? करंट बल्बपर्यंत गेला आणि घरी परतायला वाट नाही. मग तो काय करतो? सांगायला लाज वाटते हो, शेजारच्याच्या दारातून शिरतो! इंडिकेटर द्यावा तर टेललाइट डोळा मारते. ब्रेक दाबावा तर पुढचे इंडिकेटर मंद मंद लाजतात. हॉर्न वाजवावा तर हेडलाइट मान टाकतो. कोणाचा कोणाशी काय संबंध हे शोधता शोधता मालकाची मती गुंग. आणि हे प्रकरण बंद दाराआड नाही, सोसायटीच्या आवारात, उघड्यावर, सगळ्या दिव्यांनिशी!

आमच्या मागच्या इमारतीतले, बँकेतून निवृत्त झालेले काका घ्या. येझदीचा रंग असा केला होता की त्यात तोंड बघून भांग पाडावा. कोणी बोट लावलं तर अंगावर धावून जायचे. टेललाइट मात्र मेणबत्तीइतकी. रविवारी सकाळी त्यांनी मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवलं, लाल टोक टेललाइटच्या होल्डरच्या पत्र्याला लावलं आणि दिवा चालू केला. या दोन टोकांमध्ये जवळपास काहीच दिसायला नको. फार तर शून्य पूर्णांक एक. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून काकूंची हाक आली.

‘अहो, गॅसवरच्या दुधाकडे लक्ष द्या म्हणाले होते ना मी?’

‘एक पूर्णांक चार!’ काका ओरडले.

‘एक लिटर गेलं सगळं!’

‘परतीच्या वाटेवर गं! सहातले एक पूर्णांक चार परतीच्या वाटेवरच गेले!’

पुढचं दृश्य आम्ही गॅलरीतून श्वास रोखून पाहिलं. ज्या रंगाला वाऱ्याचीही झळ लागू देत नव्हते, तोच रंग काकांनी पॉलिश पेपर घेऊन खरवडला. जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढा गोल, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. त्यावर दातेरी वॉशर, त्यावर अर्थच्या वायरीचं थिंबल, बोल्ट आवळला, वरून गंज धरू नये म्हणून पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवलं. दिवा लावला. मीटरवर शून्याच्या आसपास काहीतरी, आणि टेललाइट अशी भडक लाल की वॉचमन खुर्चीतून उठला. काकू म्हणाल्या, ‘झालं ना? आता वर या.’ काका वर आले नाहीत. चेहऱ्यावर एक निर्लज्ज आनंद घेऊन ते हेडलाइटच्या अर्थकडे वळले.

पावडर कोटिंगचा दोष एक वेळ नवा. जुन्या मिस्त्र्यांनी करून ठेवलेली लफडी तर पिढीजात आहेत. टाकी काढून वायरींचा जुडगा उलगडला की इतिहास बाहेर पडतो. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. हॉर्नला दारावरच्या बेलची पातळ वायर. काळी चिकटपट्टी उन्हाने वितळून तिचा डांबरासारखा राडा झालेला. आणि मधूनच एक वायर, जी कुठूनच येत नाही आणि कुठेच जात नाही, पण काढली तर गाडी बंद पडते. यात सर्वात घोर पाप चांदीचं. फ्यूज हा वितळण्यासाठीच असतो. कुठे शॉर्ट झालं तर तो जळून बाकीची गाडी वाचवतो. चांदी कधी जळेल, कधी नाही, याचा नेम नाही, मग वायरच जळते, आणि ती जळते नेमकी पेट्रोलच्या टाकीखाली. हे करणारे आता हयात नाहीत, नाहीतर आम्ही नावानिशी सांगितलं असतं.

ज्यांच्याकडे इंग्लिश गाडी आहे त्यांची तर बातच वेगळी. त्यांच्या घरात बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीचं नाव काढलं की पाहुणे गप्प होतात. ‘अंधाराचा राजपुत्र’ ही पदवी लुकासला खुद्द इंग्रज गाडीवाल्यांनीच बहाल केलेली. त्यांच्यात विनोद असा की लुकासच्या स्विचला तीनच खुणा: बंद, मिणमिण आणि लुकलुक. त्यात आणखी एक विपरीत. 1950 नंतरच्या कितीतरी ब्रिटिश मोटारसायकलींत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असतो आणि लाल वायर म्हणजे चक्क अर्थ! आपला माणूस लहानपणापासून लाल म्हणजे चालू, काळी म्हणजे अर्थ असं शिकलेला. तो आत्मविश्वासाने बॅटरी उलटी जोडतो, आणि रेक्टिफायर प्राण सोडतो. रेक्टिफायर मागवायचा इंग्लंडहून. घरी सांगायचं, ऑफिसचं पार्सल आहे.

डायनॅमोंचे नखरे तर आणखी. वर्षानुवर्षं पडून राहिलेला डायनॅमो कधीकधी आपलं चुंबकत्वच विसरतो. आर्मेचर चांगलं, कार्बन नवे, फिरतोय झोकात, पण वीज शून्य. मग बॅटरीची वायर त्याच्या फील्डला क्षणभर टेकवायची, चट् अशी ठिणगी उडते, आणि साहेबांना सगळं आठवतं. हा क्षणभराचा स्पर्श करताना प्रौढ माणसांचे डोळे पाणावलेले आम्ही पाहिलेत. लग्नात नव्हते पाणावले.

आणि बुलेटवाले? ते सगळ्यांत बदनाम, कारण त्यांचं सगळं चारचौघांत चालतं. पॉइंटवाली, म्हणजे उघडमीट करणाऱ्या स्विचने ठिणगी पाडणारी, जुनी बुलेट सुरू करायची म्हणजे आधी चावी फिरवून अँपमीटरच्या काट्याकडे टक लावायची. पॉइंट मिटलेले असले तर काटा उणे बाजूला कलतो. इंजिनातला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर दाबून किक हळूहळू खाली न्यायची. पॉइंट उघडले की काटा टुणकन मध्यावर येतो. मग आणखी किंचित पुढे ढकलून, डीकॉम्प्रेसर सोडून, पूर्ण किक. यातलं काही चुकलं तर किक उलटून पोटरीवर येते. म्हणजे बघा, वायरिंग नीट नसेल तर काटा खोटं बोलतो आणि काटा खोटं बोलला तर माणूस लंगडतो. चौकात अँपमीटरकडे प्रेमाने बघत उभा असलेला इसम दिसला, तर त्याला हसू नका. तो पाय वाचवतोय.

बायकांनी आवर घालावा म्हणाल, तर तिथेही बातमी बरी नाही. सातारा रस्त्यावरच्या एक वहिनी नवऱ्याला धडा शिकवायला म्हणून एकदा खाली गेल्या. प्रत्येक वायरीला मास्किंग टेपची चिठ्ठी लावा, काढताना फोटो काढा, आणि एका वेळी एकच वायर बदला, एवढं तीन वाक्यांत बोलून त्या वर येणार होत्या. आता तीन गल्ल्यांतले जावावाले त्यांना विचारल्याशिवाय स्विच उघडत नाहीत. घर चांगलं होतं हो!

या लोकांनी सण कधीचा निवडलाय तेही ऐका. जगभरचे जावा-येझदीवाले आपला दिवस साजरा करतात जुलैच्या दुसऱ्या रविवारी. ऐन पावसात! हेडलाइटमध्ये पाणी, डिपरमध्ये पाणी, प्लगच्या टोपीत पाणी. येताना गाड्यांचा ताफा, जाताना निम्म्यांचा धक्का मार. आणि धक्का मारणाऱ्यांच्या चेहऱ्यावर खंत म्हणून नाही.

सरकारही यांना सामील आहे, असा आमचा दाट संशय. 2021 मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंद सुरू केली. फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला 5,000, आणि नंबरात ‘व्हीए’ ही खास अक्षरं. बदल्यात अट अशी की गाडी रोजच्या वापराला काढायची नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. यांना वाटतं, अट जाचक आहे. आम्हाला वाटतं, ‘दुरुस्ती’ हा शब्द तिथे घालून सरकारने त्यांना जन्मभराची मोकळीक दिली.

आता शेवटी आमचा निवाडा. या छंदात टाळ्या मिळतात त्या रंगाला आणि क्रोमला, जे पैसे टाकले की कोणीही करून देतं. वायरिंग नीट झालं की ते दिसत नाही, म्हणून त्याला ‘वा’ म्हणणारा कोणी नाही. हा अन्याय आहे, आणि चर्चा कितीही चघळली तरी आम्ही अन्यायाच्या बाजूचे नाही. तेव्हा तुमच्या ओळखीतल्या कोणी झाकून ठेवलेल्या गाडीवरचं कापड दूर केलं, तर टाकीचं कौतुक मुळीच करू नका. रात्री जा. गाडी सुरू करून आयडलला ठेवायला सांगा आणि हेडलाइट, ब्रेक, इंडिकेटर, हॉर्न चारही एकदम चालवायला सांगा. ज्या स्विचचा जो दिवा तोच पेटला आणि एकानेही दुसऱ्याकडे बघून डोळा मारला नाही, तर त्या माणसाच्या पाठीवर मनापासून थाप मारा. मग फ्यूज कुठे आहे ते विचारा. तिथे सिगारेटची चांदी निघाली, तर मागच्या सीटवर बसू नका, रिक्षा करून घरी या.